शांत झालेले आतडे, चालू ठेवायचे औषध

पोटाच्या तक्रारींबाबत व्यापारी घरांत बहुधा दोनच निदाने होतात : पित्त आणि मूळव्याध. दुकानाच्या वेळा सांभाळताना जेवण पुढे ढकलले जाते, गादीवर तासन्‌तास बसून काढावे लागते. त्यामुळे ही दोन्ही निदाने पटण्याजोगी वाटतात. जवळच्या औषधांच्या दुकानातून चूर्ण, मलम किंवा गोळी येते आणि विषय तेथेच मिटतो. परंतु शौचावाटे रक्त आणि आव पडणे आठवडेच्या आठवडे थांबत नाही, शौचाची घाई झोपेतून उठवते, वजन उतरत जाते, अशा वेळी घरगुती निदानावर विसंबणे महागात पडते. ही लक्षणे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाची असू शकतात. वैद्यकशास्त्रात या विकारसमूहाला इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज, संक्षेपाने आयबीडी, असे म्हणतात. हा विकार समूळ जात नाही. मात्र तो वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो. शांत झालेला आजार आणि संपलेला आजार यांतील हा भेद ज्या कुटुंबाला उमगला, त्या कुटुंबाचे निम्मे काम झाले असे समजावे.

दोन व्याधी, एक कुळ

या समूहात मुख्यतः दोन व्याधी येतात. पहिली अल्सरेटिव्ह कोलायटिस. हिचा आरंभ गुदाशयापासून होतो आणि दाह मोठ्या आतड्यात सलग वर चढत जातो. मात्र तो आतड्याच्या आतील अस्तरापुरता राहतो. लंडनचे डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये हिचे वर्णन केले. दुसरी क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. क्रोन आणि त्यांचे सहकारी गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. ही व्याधी तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवू शकते, मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यांनी पसरते आणि आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी व्यापते. त्यामुळे आतडे अरुंद होणे, त्याला छिद्र पडणे किंवा भगंदर होणे, असे उपद्रव तीत अधिक आढळतात.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटणे, हे दोहोंचे मूळ. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील सूक्ष्मजीवांचा बिघडलेला समतोल आणि बदललेले राहणीमान यांचा त्यात वाटा असतो. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट किंवा पाण्याचा पेला वेगळा ठेवण्याचे काहीच कारण नाही. काही रुग्णांत सांधे सुजतात, डोळे लाल होतात, तोंड येते, त्वचेवर दुखऱ्या गाठी उठतात. या तक्रारी पोटाच्या डॉक्टरांना सांगायच्या असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपल्याकडे तो होत नाही, ही समजूत फार काळ रूढ होती. पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाखामागे सुमारे ४४ असल्याचे दिसून आले. हा आजार ऐन तारुण्यात सुरू होण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणजेच शिक्षण, विवाह आणि व्यवसायात स्थिरावण्याच्या वयातच तो माणसाला गाठतो.

सावंगीपर्यंतची वाट

वर्धा शहरालगतचे सावंगी (मेघे) हे आता वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. १९९० मध्ये येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हे त्याचे शिक्षण-रुग्णालय. थोड्याच अंतरावर सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी यांसारख्या बाजारपेठांतील कुटुंबांना मोठ्या तपासणीसाठी पूर्वी नागपूर किंवा मुंबईचा विचार करावा लागे. वैद्यकीय महाविद्यालये घराजवळ आल्याने ते अंतर पुष्कळ कमी झाले. तरीही दुकानापासून रुग्णालयापर्यंतची वाट लांबच राहते, कारण ती किलोमीटरांत मोजायची नसते. संकोच, मूळव्याधीची समजूत आणि 'हंगाम संपल्यावर पाहू' हे उत्तर, या तीन गोष्टी ती लांबवतात.

तपासणीचा क्रम कठीण नाही. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन आणि दाहाची खूण पाहिली जाते. शौचाच्या तपासणीने जंतुसंसर्ग वगळतात. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाचे प्रमाण मोजले असता आतड्यात खरोखर दाह आहे की केवळ आतड्याची चाल बिघडली आहे, याचा अंदाज येतो. आतड्याची चाल बिघडण्याच्या विकाराला आयबीएस म्हणतात. नावे जवळची असली तरी आयबीएस आणि आयबीडी हे वेगळे विकार आहेत. आयबीएसमध्ये रक्त पडत नाही आणि वजनही उतरत नाही. शेवटी दुर्बिणीने मोठे आतडे पाहणे म्हणजे कोलोनोस्कोपी आणि त्याच वेळी सूक्ष्म तुकडे काढून त्यांची तपासणी म्हणजे बायोप्सी, यांनी निदान पक्के होते. क्रोन्सचा संशय असल्यास लहान आतड्यासाठी सीटी किंवा एमआरआय करतात.

आपल्या देशात एक अडचण अधिक आहे. आतड्यांचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज यांची लक्षणे पुष्कळ मिळतीजुळती असतात; दुर्बिणीतूनही कधीकधी फरक कळत नाही. क्षयरोग असताना क्रोन्सचे औषध म्हणून स्टेरॉइड दिले गेले, तर क्षय बळावतो. म्हणून शंका असेल तेथे डॉक्टर प्रथम क्षयरोगाचे उपचार देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का, ते पाहतात. 'डॉक्टरांनाच काही कळत नाही' असे म्हणून मध्येच रुग्णालय बदलणारी कुटुंबे या टप्प्यावर स्वतःचे नुकसान करून घेतात. रुग्णालय बदलणे भागच असेल, तर दुर्बिणीचे अहवाल, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि घेतलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. व्यवहाराची जुनी कागदपत्रे जपणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही.

उपचारांच्या पायऱ्या

उपचारांचे दोन भाग असतात. पेटलेला दाह विझवणे हा पहिला. तो पुन्हा पेटू न देणे हा दुसरा. या दोहोंची औषधे पुष्कळदा वेगवेगळी असतात.

सौम्य आणि मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामिन हे मुख्य औषध. त्याचे मूळ सल्फासालाझिन या औषधात आहे, स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्‌झ यांनी १९४० च्या सुमारास ते संधिवातासाठी वापरात आणले आणि आतड्याच्या दाहावरही त्याचा गुण दिसून आला. मेसालामिन गोळीच्या रूपात मिळते, तसेच गुदमार्गे देण्याच्या वडीच्या आणि एनिमाच्या रूपातही मिळते. दाह गुदाशयाजवळ असेल तर गुदमार्गे दिलेले औषध नेमके जागेवर पोहोचते आणि अधिक परिणामकारक ठरते. संकोचापायी ते टाळून केवळ गोळ्या मागणे योग्य नव्हे.

दाह तीव्र असेल तर स्टेरॉइड दिले जाते. १९५५ मध्ये ऑक्सफर्डचे डॉ. ट्रूलव्ह आणि डॉ. विट्स यांनी कॉर्टिसोनचा उपयोग पद्धतशीर चाचणीने सिद्ध केला. स्टेरॉइड आग लवकर विझवते. पहारा देणे हे त्याचे काम नव्हे. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो. म्हणून डॉक्टर त्याची मात्रा ठरावीक आठवड्यांत उतरवत नेतात. ते एकदम बंद करणे धोक्याचे आणि जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा आणणे त्याहून धोक्याचे.

ज्यांचा आजार वारंवार उसळतो, त्यांना अझाथायोप्रिनसारखे रोगप्रतिकारशक्ती आवरणारे औषध लागते. ते घेताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करावी लागते, कारण काही भारतीयांत जनुकीय कारणाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात. त्यापुढील पायरी जैविक औषधांची : इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब. ही शिरेतून किंवा त्वचेखाली देतात. अ‍ॅडालिमुमॅबचे जगातील पहिले समरूप औषध झायडस कॅडिला या भारतीय कंपनीने २०१४ मध्ये बाजारात आणले आणि परदेशी औषधाहून स्वस्त पर्याय उपलब्ध झाला. ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोग आणि कावीळ-बी यांची तपासणी करणे आवश्यक असते. टोफासिटिनिबसारखी गोळीही आता वापरात आहे.

औषधांनी भागले नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढल्यावर आतड्यातील आजार संपतो आणि लहान आतड्यापासून पिशवी तयार करून शौचाचा मार्ग पूर्ववत ठेवता येतो. क्रोन्समध्ये शस्त्रक्रियेने अडथळा दूर होतो, परंतु आजार अन्यत्र पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून त्यानंतरही औषध आणि तपासणी चालू राहते.

एक सूचना प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौचास होत असेल आणि सोबत ताप, जलद नाडी किंवा रक्ताची मोठी कमतरता असेल, तर ती रुग्णालयात दाखल होण्याची वेळ होय. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. तिने आतडे फुगून जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो.

बरे वाटू लागते तेव्हा

या आजारातील खरा कसोटीचा काळ तीव्र दुखण्याचा नसतो. दुखणे असते तेव्हा रुग्ण सर्व औषधे घेतो, घरचेही लक्ष ठेवतात. कसोटी सुरू होते ती रक्त थांबल्यावर, भूक लागल्यावर, दुकानात पूर्ण दिवस बसता येऊ लागल्यावर. 'आता काही नाही, मग गोळ्या कशाला?' हा प्रश्न त्या काळातला. त्यात अवाजवी काही नाही. निष्कारण खर्च टाळणे हा व्यापाऱ्याचा गुण आहे. परंतु येथे ती बेरीज चुकते.

शिकागो विद्यापीठातील डॉ. सुनंदा केन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ज्यांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस मेसालामिनवर शांत होता, अशा ९९ रुग्णांवर त्यांनी लक्ष ठेवले. नियमित औषध घेणाऱ्यांचा आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के आढळली. न घेणाऱ्यांची ३९ टक्के. सर्वांना आरंभी सारखेच बरे वाटत होते. फरक पडला तो बरे वाटत असताना घेतलेल्या गोळीने.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये अवघ्या एका वर्षात त्यांना पद सोडावे लागले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे त्यांनी देशाचा कारभार पाहिला. २०२० मध्ये आजार पुन्हा उसळला आणि त्यांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. या आजारासह माणूस मोठे काम करू शकतो, आणि इतक्या वर्षांनंतरही आजार परत येऊ शकतो, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात दिसतात.

आतड्याला आतून सौम्य दाह असला, तरी रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. म्हणून डॉक्टर वेळोवेळी कॅलप्रोटेक्टिन तपासतात. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग बाधित असेल, तर दीर्घ दाहामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. त्यासाठी आजार सुरू झाल्यापासून सुमारे आठ वर्षांनी कोलोनोस्कोपी करून पुढील तपासण्यांचे अंतर ठरवतात. अंगदुखी किंवा डोकेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दाह पेटवू शकतात. त्यांऐवजी काय घ्यावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आहार, तप आणि औषध

कोणत्याही एका पदार्थाने हा आजार होत नाही आणि कोणत्याही एका पथ्याने तो जात नाही. कंदमुळे वर्ज्य असलेला जैन आहार या रुग्णांना अडचणीचा ठरत नाही. दाह तीव्र असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, साल काढलेला दुधी, शिजवलेले कच्चे केळे असे सौम्य अन्न पचायला सोपे जाते. आतडे अरुंद झालेले असेल तर चोथा असलेल्या भाज्या, साली आणि बिया टाळाव्या लागतात. आजार शांत झाल्यावर मात्र बहुतेकांना नेहमीचे सकस जेवण घेता येते. भीतीपोटी वर्षानुवर्षे केवळ खिचडीवर राहणाऱ्यांचे वजन आणि रक्त दोन्ही घटते. दूध सोसत नसल्यास ते जरूर टाळावे. सरसकट सर्वांनी सोडण्याचे कारण नाही. शाकाहारी माणसात बी-१२ जीवनसत्त्व मुळात कमी असते आणि क्रोन्सने लहान आतड्याचा शेवटचा भाग बाधित झाला की त्याचे शोषण आणखी घटते. म्हणून बी-१२, लोह आणि ड-जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी.

खरा प्रश्न चातुर्मासात उभा राहतो. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व येते, घरात कोणाची अठ्ठाई असते, कोणाचे आयंबिल. अशा वेळी तरुण रुग्णालाही तपस्येची ओढ वाटते. आजार उसळलेला असताना निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात. स्टेरॉइड चालू असताना ते चुकवणे अधिकच घातक. पच्चक्खाणात आगार म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक ही त्यांतलीच एक. शिवाय तपाचे प्रकार बारा; अनशन हा त्यांतील एक. ऊणोदरी, स्वाध्याय, ध्यान हेही तपच. महाराजसाहेबांना आजाराची खरी स्थिती सांगून त्यांचे मार्गदर्शन घेतले, तर रुग्णाच्या मनावरील ओझे उतरते.

काही अडचणी तर केवळ बोलून सुटण्याजोग्या असतात. चौविहार पाळणाऱ्याने तसे डॉक्टरांना सांगावे. मेसालामिनची दिवसाची मात्रा पुष्कळ रुग्णांना एकाच वेळी, सकाळी घेता येते. कोलोनोस्कोपीपूर्वी पोट साफ करण्यासाठी बरेच द्रव प्यावे लागते. त्याची वेळ दिवसा बसवता येईल का, हे आधी विचारावे. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. पर्यायी गोळी मागून घ्यावी. मात्र विचारण्याच्या संकोचाने औषधच सोडून देणे, हा उपाय नव्हे. आयुर्वेदिक किंवा अन्य उपचार घ्यायचे असतील, तर दोन्हीकडच्या वैद्यांना एकमेकांची औषधे माहीत असावीत.

घर, विवाह आणि विमा

या आजारात सर्वांत जास्त लपवालपवी विवाहाच्या बोलण्यांत होते. मुलीला किंवा मुलाला हा आजार आहे हे कळले तर स्थळ जाईल, या भीतीने औषधाचे डबे कपाटात जातात. लग्नानंतर नव्या घरात लपून गोळी घेणे जमत नाही, ती सुटते आणि काही महिन्यांत आजार उसळतो. मग जे कळायचे ते अधिक वाईट रीतीने कळते. वस्तुस्थिती अशी आहे की आजार शांत असताना बहुतेक स्त्रियांना निरोगी अपत्य होते. गर्भधारणा आजार शांत असतानाच व्हावी आणि त्यापूर्वी औषधांचा आढावा घ्यावा, एवढे पथ्य. मेसालामिन आणि अझाथायोप्रिन सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट आधीच बंद करावे लागते. पुरुषांत सल्फासालाझिनने शुक्रजंतू घटतात, परंतु औषध बदलल्यावर ते पूर्ववत होतात. ही माहिती दोन्ही कुटुंबांनी डॉक्टरांसमोर बसून घेतली, तर अनेक गैरसमज टळतील.

खर्चाचा विचारही आरंभीच करावा. आरोग्यविम्याच्या अर्जात हा आजार लपवू नये. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि ऐन गरजेच्या क्षणी विमा हातचा जातो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाल तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही आणि पाच वर्षे अखंड हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. जैविक औषधाच्या इंजेक्शनाचा खर्च पॉलिसीत कोठवर मिळतो आणि त्यावर मर्यादा आहे का, हे पॉलिसी घेण्यापूर्वी लेखी विचारावे. वर्षभराच्या औषधांची आणि तपासण्यांची रक्कम दुकानाच्या भांडवलात न मिसळता वेगळी काढून ठेवली, तर मंदीच्या महिन्यात पहिली कात्री औषधाला लागत नाही.

आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्य, यालाही जैन परंपरेत अंतरंग तपाचे स्थान आहे. या आजारात त्या सेवेचे रूप फार साधे असते : प्रवासात स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी रुग्णाने करण्याआधी घरच्यांनी करणे, तपासणीची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे, सणाच्या पंगतीत 'थोडे खाऊन पाहा' असा आग्रह न धरणे. आणि सहा महिने काहीच त्रास झाला नाही म्हणून रुग्ण गोळीची पट्टी बाजूला सारू लागला, तर ती पट्टी पुन्हा त्याच्या हाती देणे.